ड्रोनची मोटर लोडवर कशी तपासायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडुपच्या आमच्या गाळ्यात मोटरी तपासून घ्यायला सगळ्या तऱ्हेची माणसं येतात. इंजिनिअरिंगची मुलं असतात, लग्नाचं शूटिंग करणारे असतात, हल्ली फवारणीच्या ड्रोनची दुरुस्ती करणारेही असतात. त्यांचे प्रश्न बरेचसे सारखे असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

मोटर मोकळी तर छान फिरते. मग लोडवर कशाला तपासायची?

कारण मोकळी मोटर काही कामच करत नसते. प्रॉपेलर नसताना तिला स्वतःचं घर्षण आणि लोखंडातलं नुकसान एवढंच भागवायचं असतं. २२१२ आकाराची, म्हणजे २२ मिलिमीटर व्यासाच्या आणि १२ मिलिमीटर उंचीच्या स्टेटरची (तारा गुंडाळलेल्या, न फिरणाऱ्या भागाची) मोटर त्यासाठी अर्धा-पाऊण अँपिअर घेते. त्याच मोटरीला दहा इंची प्रॉप लावून जोर दिला की करंट दहा अँपिअरच्या घरात जातो. तांब्याच्या तारेत होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट वीसपट झाला तर उष्णता चारशेपट! मोकळं फिरताना जे दुखणं जाणवतसुद्धा नाही, ते इथे उघडं पडतं.

एक मुलगा चार मोटरी घेऊन आला होता. एकाच खोक्यातल्या, कोऱ्या. म्हणाला, "दादा, मी सगळ्या फिरवून पाहिल्यात, आवाज एकदम सारखा आहे." आवाज खरंच सारखा होता. मोटर जखडून तिचा जोर मोजणाऱ्या स्टँडवर प्रत्येकीला चारशे ग्रॅम जोरावर धरलं तेव्हा तिसरी मोटर थोडा जास्त करंट खात होती. तेवढा फरक कोणीही सोडून दिला असता. सहाव्या मिनिटाला वार्निश जळल्यासारखा वास आला. बंद करून तारांवरचं काळं स्लीव्ह कापलं. आत तीनपैकी एका फेजच्या मुळाशी वाइंडिंगच्या दोन-तीन बारीक तारांवरचं इनॅमल खरवडलेलंच नव्हतं. डाख वरून चकचकीत बसला होता, पण त्या तारा जोडल्याच गेल्या नव्हत्या आणि सगळा करंट उरलेल्या तारांतून चालला होता. हा दोष मोकळ्या मोटरीत दिसला नसता. दिसला असता तो थेट हवेत.

सिम्युलेटेड लोड म्हणजे नेमकं काय?

उडताना मोटरीवर जो ताण येतो, तो बाकावर जखडलेल्या मोटरीवर आणणं. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला म्हणजे खरा प्रॉपेलर लावणं. प्रॉपचा थ्रस्ट (हवा ढकलून मिळणारा जोर) आणि टॉर्क (शाफ्टवरचा पिळाचा जोर) फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतात, लागणारी ताकद घनाच्या पटीत. फेरे दुप्पट करायचे तर आठपट वॅट लागतात. हे गणित हवाच आपल्याला फुकट करून देते, आपल्याला काही सेट करावं लागत नाही.

दुसरा म्हणजे डायनोमीटर, साध्या भाषेत ब्रेक. मोटरीच्या शाफ्टला दुसरी ब्रशलेस मोटर जोडायची, तिला जनरेटरसारखी वापरायची आणि तिची वीज रेझिस्टरमध्ये जाळायची. रेझिस्टर बदलला की लोड बदलतो. मोठ्या प्रयोगशाळांत यासाठी हिस्टेरिसिस किंवा एडी करंट ब्रेक असतो. फायदा असा की फेरे एकाच जागी ठेवून फक्त टॉर्क कमी-जास्त करता येतो. प्रॉपवर ते जमत नाही.

पण एक फरक लक्षात ठेवा. प्रॉप हा मोटरीचा पंखाही असतो. डायनोवर हा वारा नसतो, त्यामुळे तीच मोटर त्याच वॅटला कितीतरी जास्त तापते. डायनोवर तपासताना बाहेरून पंख्याचा झोत दिला नाही तर चांगली मोटरही नापास ठरेल. माझं मत विचाराल तर ज्याला ड्रोन उडवायचा आहे त्याने प्रॉपवरच तपासावं. मोटरीचं डिझाइन करणाऱ्याने डायनो घ्यावा.

लोड किती द्यायचा? थ्रॉटल शंभर टक्के करून पाहिलं की झालं ना?

नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

ड्रोन आयुष्यातला बहुतेक वेळ हॉवरला, म्हणजे हवेत तरंगत काढतो. तपासणीही आधी तिथेच हवी. समजा बॅटरी, कॅमेरा सगळं धरून तुमचा ड्रोन १६०० ग्रॅमचा आहे आणि मोटरी चार आहेत. प्रत्येकीला ४०० ग्रॅम थ्रस्ट द्यायचा आहे. मग स्टँडवर थ्रॉटल वाढवत ४०० ग्रॅमवर आणा आणि तुमचं उड्डाण जितकं लांब तितका वेळ तिथेच धरा. पंधरा मिनिटं उडवत असाल तर पंधरा मिनिटं. तापमान चढत चढत एका जागी स्थिरावतं की चढतच राहतं, हे पाहायचं. स्थिरावलं तर मोटर त्या कामाची आहे.

त्यानंतर जोर. शूटिंगच्या ड्रोनला वजनाच्या किमान दुप्पट थ्रस्ट हाताशी लागतो, म्हणजे इथे प्रत्येक मोटरीला ८०० ग्रॅम. तो मिळतो का, आणि थ्रॉटल किती टक्क्यांवर मिळतो, ते नोंदवा. पूर्ण थ्रॉटल आम्ही दहा सेकंदांपेक्षा जास्त धरत नाही, कारण खऱ्या उड्डाणातही ती वेळ तेवढीच असते.

मग येतो खरा कस: वारा. वरळीच्या समुद्रासमोर ड्रोन धरला की फ्लाइट कंट्रोलर प्रत्येक मोटरीला क्षणाक्षणाला वर-खाली करत असतो. ते उतरवण्यासाठी थ्रॉटल ४५ टक्क्यांवरून ७०, लगेच ३५, पुन्हा ६० असा झटक्याने बदलणारा क्रम लिहून ठेवायचा आणि मायक्रोकंट्रोलरकडून पाच मिनिटं चालवून घ्यायचा. तुमच्या एखाद्या उड्डाणाचा लॉग असेल तर त्यातले मोटरींचे आउटपुट घेऊन तेच स्टँडवर वाजवा. त्याच्याइतकं खरं दुसरं काही नाही.

झटका दिल्यावर मोटर अडखळते, कर्र आवाज करते. मोटर खराब आहे का?

बहुतेकदा नाही. ब्रशलेस मोटरीत ईएससी, म्हणजे मोटरीचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, तिसऱ्या, मोकळ्या फेजवरचं व्होल्टेज पाहून रोटर कुठे आहे याचा अंदाज बांधतो. लोडवर एकदम जोर दिला की तो अंदाज चुकतो आणि मेळ सुटतो. याला डिसिंक म्हणतात. आधी ईएससीचं टायमिंग आणि सुरुवातीची ताकद बदलून पाहा, मग दुसरा ईएससी लावून पाहा. तरीही अडखळली तरच मोटर उघडा. हवेत डिसिंक झाला तर क्वाडकॉप्टर उलटा होऊन खाली येतो, म्हणून झटक्याची तपासणी टाळू नका.

स्टँड घरी बनवता येईल का?

येईल, आणि चांगला येईल. ग्रँट रोड स्टेशनवरून लॅमिंग्टन रोडला गेलात की सगळं सामान एका फेरीत मिळतं. पाच किलोचा पट्टीसारखा, वजन मोजणारा लोड सेल, त्याचा सिग्नल आकड्यांत बदलणारं एचएक्स७११ मॉड्यूल, एखादा आर्डुइनो (मायक्रोकंट्रोलर), करंट सेन्सर आणि तापमानासाठी के-टाइप थर्मोकपल. एचएक्स७११ वर सेकंदाला १० किंवा ८० रीडिंग मिळतात. झटक्याच्या तपासणीसाठी ८० वर ठेवा.

मोटर थेट लोड सेलवर बसवण्यापेक्षा इंग्रजी एल आकाराचा, बेअरिंगवर डुलणारा हात करा. एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाखाली लोड सेल. दोन्ही हात सारख्या लांबीचे ठेवलेत तर गुणाकार-भागाकार करावा लागत नाही. बिजागरी सैल असेल तर कंपनाने आकडे नाचतात, घट्ट असेल तर छोटे फरक गिळले जातात. या एका सांध्यावर वेळ घालवा.

कॅलिब्रेशन प्रमाणित वजनांनी करा, आणि तेही मोटर बसवलेल्या जागी दोरी बांधून, ती थ्रस्टच्या दिशेने कप्पीवरून नेऊन वजन टांगून. दोनशे, पाचशे, हजार ग्रॅम, चढताना आणि उतरताना. उतरताना आकडा परत जागेवर आला नाही तर कुठेतरी घासतंय.

प्रॉपच्या मागे आणि पुढे मोकळी जागा हवी. दहा बाय बाराच्या खोलीत दोन मिनिटांतच तोच वारा फिरून परत प्रॉपमध्ये शिरतो आणि थ्रस्ट घसरलेला दिसतो. दार-खिडकी उघडी ठेवा आणि झोत बाहेरच्या दिशेने सोडा. मोटरीमागचा हात जितका सडपातळ तितका बरा. रुंद फळी लावलीत तर वारा तिच्यावर आपटतो आणि तुम्ही मोटरीच्या नावावर फळीचा दोष लिहिता.

फेरे कसे मोजायचे? टॅकोमीटर भलतेच आकडे दाखवतो.

आमच्याकडेही हे झालं होतं. प्रॉप पूर्ण थांबलेला, आणि हातातला ऑप्टिकल टॅकोमीटर शांतपणे ३००० दाखवतोय. मीटर बिघडला असं समजून तो बाजूला ठेवला, दुसरा आणला, तोही ३०००. मग सहज वर लक्ष गेलं. जुनी चोकवाली ट्यूबलाइट! आपल्या विजेची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, मिनिटाला ६०००. मीटर दोन पात्यांवर सेट होता, त्याने निम्मे केले. ट्यूब बंद केली, आकडा शून्य.

तेव्हा प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर दिवसाच्या उजेडात किंवा टॉर्चच्या उजेडात वापरा. स्वस्त एलईडी दिवेही असेच फसवतात. ईएससी टेलिमेट्री देत असेल तर तिचा आकडा घ्या, पण तो विजेच्या फेऱ्यांचा असतो. त्याला चुंबकांच्या जोड्यांनी भागावं लागतं. १४ चुंबकांच्या मोटरीत ७ ने.

बॅटरीवर तपासायचं की पॉवर सप्लायवर?

दोन मोटरींची तुलना करायची असेल तर सप्लायवर, कारण व्होल्टेज जागचं हलत नाही. ड्रोनचा अंदाज हवा असेल तर बॅटरीवरच. चार सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) भरलेली असताना १६.८ व्होल्ट असते, उड्डाणाच्या शेवटी लोडवर १४ च्या आसपास उतरते. म्हणून आम्ही दोन टोकांना तपासतो. भरलेल्या बॅटरीवर मोटर जास्तीत जास्त किती तापते ते पाहतो, आणि उतरलेल्या बॅटरीवर जोर पुरतो का ते. बरेच ड्रोन पडतात ते शेवटच्या दोन मिनिटांत, आणि तपासणी मात्र सगळे ताज्या बॅटरीवर करतात.

सप्लाय वापरणार असाल तर ईएससीमधलं ॲक्टिव्ह ब्रेकिंग बंद करा. थ्रॉटल खाली आणताना मोटर जनरेटर बनते आणि वीज उलटी सप्लायमध्ये ढकलते. बॅटरी ती वीज पोटात घेते, सप्लायला ते जमत नाही. तो ट्रिप होतो किंवा जळतो.

टॉर्क मोजणं गरजेचं आहे का? ग्रॅम प्रति वॅट पुरत नाही?

घरच्या कामाला ग्रॅम प्रति वॅट पुरतं. पण त्यात मोटर आणि प्रॉप दोघांचे गुणदोष एकत्र येतात. आकडा वाईट आला तर चूक कोणाची, ते कळत नाही. टॉर्क मिळाला की कळतं.

उदाहरण घ्या. मोटर ११.१ व्होल्टवर १० अँपिअर घेते, म्हणजे १११ वॅट आत गेले. फेरे मिनिटाला ६५००, टॉर्क ०.१ न्यूटन मीटर. फेऱ्यांना ०.१०४७ ने गुणून टॉर्कने गुणलं की ६८ वॅट शाफ्टवर आले. कार्यक्षमता ६१ टक्के. उरलेले ४३ वॅट मोटर आणि ईएससीत उष्णता होऊन गेले. आमच्याकडच्या डाख द्यायच्या साध्या इस्त्रीची ताकद २५ वॅट आहे. हे आकडे शेजारी ठेवले की मोटर का तापते ते वेगळं सांगावं लागत नाही.

टॉर्क मोजायचं साधन नसेल तर केव्हीवरून, म्हणजे मोकळी मोटर दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे घेते त्यावरून, अंदाज काढता येतो. ९.५५ ला केव्हीने भागा, दर अँपिअरमागे किती टॉर्क ते मिळतं. ९२० केव्हीच्या मोटरीला सुमारे ०.०१०४. करंटमधून मोकळ्या फिरण्याचा करंट आधी वजा करा. केव्हीही डब्यावरचा घेऊ नका, स्वतः मोजा.

मोटर किती तापली तर चालते?

हाताला चटका बसतो म्हणजे वाईट, असं नाही. खरी मर्यादा चुंबकाची आणि तारेवरच्या इनॅमलची असते. साध्या श्रेणीच्या निओडिमियम चुंबकाची मर्यादा ८० अंश सेल्सिअस, एच श्रेणीची १२०, एसएच श्रेणीची १५०. त्यापलीकडे गेलं की चुंबकाची ताकद कायमची उतरते. मोटर थंड झाली तरी ती परत येत नाही. अशा मोटरीचं केव्ही वाढलेलं दिसतं आणि त्याच थ्रस्टला ती जास्त करंट मागते. आमच्याकडे आलेली वापरलेली मोटर आधी याच खुणेवर पारखतो.

तांबंही साथ सोडतं. दर अंशामागे त्याचा रोध सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. ८० अंशांची वाढ झाली की रोध जवळपास एक-तृतीयांशाने चढलेला असतो, त्यामुळे आणखी उष्णता, त्यामुळे आणखी रोध.

इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखू नका, तो खूप कमी दाखवतो. तिथे काळी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर रोखा. थर्मोकपल वाइंडिंगच्या वेटोळ्यांत बसवता आलं तर सर्वांत चांगलं. आणि मोटर बंद केल्यावर लगेच मीटर काढून घेऊ नका. प्रॉपचा वारा थांबतो, आतली उष्णता बाहेर येते आणि पुढच्या मिनिटभरात बाहेरचा आकडा वर चढतो. तो चढलेला आकडाही लिहा.

मुंबईच्या हवेने आकड्यांत फरक पडतो का?

पडतो. कंपन्यांचे तक्ते बहुधा १५ अंशांच्या आणि १.२२५ किलो प्रति घनमीटर घनतेच्या हवेला धरून वाचले जातात. मुंबईत ३२ अंश आणि दमट दुपार असेल तर घनता १.१४ ते १.१५ वर येते. थ्रस्ट घनतेच्या प्रमाणात असतो, म्हणजे त्याच फेऱ्यांना सहा-सात टक्के कमी. दमट हवा अंगाला जड वाटते, पण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. म्हणून तपासणीच्या वहीत तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब लिहायलाच हवा. नाहीतर जानेवारीतली मोटर मे महिन्यातल्या मोटरीपेक्षा उगाच सरस ठरते.

लडाखला शूटिंगला जाणारे नेहमी विचारतात. लेह साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहे, तिथली हवा मुंबईच्या मानाने सुमारे पाऊणपट. तेवढंच वजन उचलायला फेरे आणि वॅट दोन्ही सुमारे १५ टक्के जास्त लागतात. विरळ हवा इथे आणता येत नाही, पण हॉवरच्या फेऱ्यांपेक्षा १५ टक्के जास्त फेरे, आणि त्यावर वाऱ्यासाठी राखीव जोर, मोटर इथल्या दाट हवेत गाठू शकली तर तिथेही गाठेल. फक्त विरळ हवा थंडही कमी करते, म्हणून तापमानात जागा सोडा.

एवढी खटपट करण्यापेक्षा मैदानात नेऊन उडवूनच पाहिलं तर?

मुंबईत ते सोपं नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत निर्बंध लागतात. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही, त्याच्या आत आणखी कडक आहे. आपला विमानतळ शहराच्या मधोमध! त्यात नौदलाच्या आणि इतर संवेदनशील जागा, आणि पोलिसांचे वेळोवेळी निघणारे बंदीचे आदेश. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा आणि चालू आदेश दोन्ही पाहा. बाकाला जखडलेली मोटर उडत नसते, तिथे हवी तितक्या वेळा चूक करता येते. आणि न तपासलेला ड्रोन माणसांच्या डोक्यावर नेणं मला कुठल्याही शहरात पटत नाही.

सुरक्षेसाठी काय करायचं?

दहा इंची प्रॉप ६५०० फेऱ्यांना असताना त्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर असतो. पातं तुटलं तर ते फिरण्याच्या पातळीत, आडवं बाहेर फेकलं जातं. त्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही, फोटो काढायलाही नाही. जाड पॉलिकार्बोनेटची ढाल लावा. ॲक्रिलिक नको, ते फुटून त्याचेच तुकडे उडतात. डोळ्यांवर चष्मा, स्टँड टेबलाला दोन सी-क्लॅम्पनी आवळलेला, आणि बॅटरीची लाइन तोडणारं बटण ढालीच्या बाहेर हाताशी. सॉफ्टवेअरमधल्या थांबवा बटणावर विसंबू नका. लिपोजवळ वाळूची बादली ठेवा. थ्रॉटलचं कॅलिब्रेशन करताना प्रॉप काढलेला असावा, दर वेळी.

चाळीत किंवा इमारतीत राहत असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगा. आवाज मोठा होतो आणि तान्ह्या मुलांची झोपमोड होते.

फवारणीच्या ड्रोनच्या मोटरी वेगळ्या तपासायच्या का?

हो, कारण त्यांचा लोड उडताना बदलतो. दहा लिटरची टाकी, भरून एकूण २४ किलो, सहा मोटरी असं धरा. उडताना प्रत्येकीवर ४ किलो, टाकी रिकामी होईपर्यंत सुमारे २.३ किलो. म्हणून थ्रस्ट ४ वरून २.३ किलोवर सावकाश उतरवायचा, बॅटरी बदलण्याइतकी विश्रांती द्यायची आणि पुन्हा ४ वर. असे सलग सहा-सात फेरे. शेतावर मोटर थंड व्हायला कोणी थांबत नाही, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यातलं तापमानच खरं. एक मोटर बंद पडली तर बाकीच्यांवर किती भार येईल, तोही काही सेकंद देऊन पाहा.

मोठे घडीचे प्रॉप गाळ्यात फिरवता येत नाहीत. आम्ही ते रविवारी, इस्टेटीत माणसं नसताना शटरबाहेर करतो.

समुद्राच्या खाऱ्या हवेचं काय?

बेअरिंग आधी जातं. २२ मिलिमीटर स्टेटरच्या बऱ्याच मोटरींत ४ बाय ९ बाय ४ चं छोटं बेअरिंग असतं. गिरगाव किंवा जुहूच्या किनाऱ्यावर नेहमी उडवणाऱ्यांच्या मोटरीत ते लवकर खरखरू लागतं. मोकळ्या फिरण्याचा करंट वाढला असेल तर बेअरिंग बदला, मग लोडवर घ्या.

एकदा तपासली की पुन्हा कधी तपासायची?

ड्रोन आपटला, प्रॉपचा आकार बदलला किंवा वजन वाढलं की लगेच. नाहीतर पावसाळा संपल्यावर एकदा. जुनी वही समोर ठेवून त्याच प्रॉपवर, त्याच थ्रस्टला करंट मोजा. मोटरीच्या बुडाशी मार्करने नंबर घालून ठेवा, नाहीतर चार सारख्या मोटरींत मागच्या वेळची तिसरी कोणती ते सांगता येत नाही.